रिकाम्या बालवाडीत तांबटाची भट्टी

पुण्याच्या जुन्या पेठांतून गेल्या तीस-चाळीस वर्षांत कुटुंबं बाहेर पडत गेली. कुणी कोथरूडला गेलं, कुणी सिंहगड रस्त्याला, कुणी धनकवडी-कात्रजकडे. वाडे पडले. त्यांच्या जागी उभ्या राहिलेल्या इमारतींत खाली दुकानं आणि वर कचेऱ्या आल्या. जी मुलं उरली त्यांतली पुष्कळशी सकाळी रिक्षात बसून पेठेबाहेरच्या इंग्रजी शाळांत जातात. महापालिकेच्या मराठी शाळांचा पट यामुळे उतरला, पण त्याआधी शाळेला जोडून असलेल्या बालवाडीला फटका बसला. वर्ग आधी अर्धा भरतो, मग शेजारच्या वर्गात मिसळला जातो आणि एका जूनमध्ये खोलीचं कुलूप निघतच नाही. अशा बंद सरकारी खोलीत पुढे मोडकी बाकं येऊन पडतात, जुन्या फायली येतात, धूरफवारणीची यंत्रं येतात. काही वर्षांनी कुणाच्या तरी लक्षात येतं की पेठेतल्या जागेला भाव आहे, आणि मग त्या खोलीभोवती हालचाल सुरू होते.

कसबा पेठेत किंवा तिच्या लगत बालवाडीची अशी एखादी इमारत खरोखर रिकामी असेल, तर महापालिकेनं ती तांब्या-पितळेच्या कामाच्या संग्रहालयासाठी द्यावी, असं माझं म्हणणं आहे. आणि त्या संग्रहालयात काचेची कपाटं यायच्या आधी भट्टी, ऐरण आणि काम करणारा कारागीर यावा.

‘खरोखर रिकामी’ हे मी मुद्दाम म्हणतो आहे. महापालिकेच्या बालवाडीत घरकाम करणाऱ्या बाईचं मूल येतं, मंडईतल्या हमालाचं येतं, रस्त्यावर भाजी विकणाऱ्याचं येतं. या मुलांना खासगी बालवर्गाची फी परवडत नाही. त्यांच्या डोक्यावरचं छप्पर काढून वारशाचं संग्रहालय उभं करणं हा अन्याय होईल, मग ते संग्रहालय कितीही सुंदर असो. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानं तीन ते आठ या वयाचा पायाभूत स्तर मानला आहे, म्हणजे बालवाडीचं वय आता औपचारिक शिक्षणाच्या आराखड्यात आलं आहे. आज नको झालेल्या खोल्या दहा वर्षांनी पुन्हा लागू शकतात. तेव्हा पटावर दहा मुलं असली तरी संग्रहालयानं थांबावं. आणि इमारत दिली तरी ती मुदतीच्या करारानं द्यावी, मालकी महापालिकेकडेच राहावी, भिंती पाडून मूळ रचना बदलू नये. एवढं मान्य करून मग बोलू.

कसब्यातच का, तर तिथे तांबट आळी आहे म्हणून. पेशवाईत कोकणातले तांबट पुण्यात आले. नाणी पाडणं, शस्त्रास्त्रांचं काम, सरकारी आणि घरगुती भांडी यांसाठी राज्यकर्त्यांना त्यांची गरज होती. कसबा पेठेत त्यांची वस्ती झाली आणि आळीला त्यांचंच नाव पडलं. इथून चालत काही मिनिटांवर शनिवारवाडा आहे. तिकीट काढून लोक तो पाहायला जातात आणि तटबंदी, दिंडी, जोती एवढंच पाहून परततात, कारण आतला वाडा १८२८ च्या आगीत जळून गेला. त्याच राजवटीनं वसवलेल्या कारागिरांच्या हातातलं काम मात्र अजून चालू आहे. पेशवाईचं जिवंत असं काही पाहायचं असेल तर ते या आळीत आहे, आणि तिथे जाण्याचा रस्ता दाखवणारी धड पाटीही आपण लावलेली नाही. सप्टेंबर २०२४ पासून कसबा पेठेत भुयारी मेट्रोचं स्थानक सुरू झालं आहे. पेठेत गाडी कुठे लावायची, ही सबबही आता उरलेली नाही.

काम चालू आहे, पण कमी होत चाललं आहे. कारणं सगळ्यांना माहीत आहेत. स्टील आलं, प्लॅस्टिकच्या बादल्या आल्या, गॅस आणि गीझर आले. ज्या वस्तूंवर आळी जगत होती त्या एकेक करून घरातून गेल्या: हंडा, घागर, कळशी, घंगाळ, बंब. लग्नात मुलीला द्यायच्या भांड्यांची यादी आखडली. पुढे तांब्याच्या पाण्याची हवा झाली, हॉटेलांतून तांब्याची भांडी दिसू लागली, वारसा जतनाचं काम करणाऱ्या इंटॅक या संस्थेच्या पुणे शाखेनं आणि काही डिझाइनरांनी कारागिरांबरोबर बसून नवे घाट तयार केले. त्याचा उपयोग झाला. पण मागणीपेक्षा मोठा प्रश्न जागेचा आहे. तांबटाचं घर म्हणजे खाली कारखाना आणि वर किंवा मागे बिऱ्हाड, अशी या आळीची घडण. वाड्याचा पुनर्विकास झाला की कुटुंबाला सदनिका मिळते, पण सदनिकेत ऐरण बसत नाही. चौथ्या मजल्यावर भट्टी पेटवता येत नाही, आणि घणाचा आवाज शेजाऱ्याला एक दिवसही सहन होत नाही. ज्या तरुणाला बापाचं काम पुढे न्यायचं आहे त्यालाही मग हडपसरला किंवा नऱ्हे-आंबेगावला गाळा शोधावा लागतो. त्या गाळ्याचं भाडं भांड्यांतून निघत नाही, म्हणून तो नोकरी धरतो. हा धंदा बाजाराआधी बांधकामामुळे संपेल, असं मला दिसतं. म्हणून सार्वजनिक मालकीच्या एका बैठ्या इमारतीचं मोल इथे वेगळं आहे.

आता संग्रहालयाबद्दल. पुण्यात धातूच्या जुन्या वस्तू पाहायच्या तर राजा केळकर संग्रहालय आहे. दिनकर केळकरांनी १९२० च्या सुमारास वस्तू जमवायला सुरुवात केली आणि १९६२ मध्ये आपला संग्रह राज्य शासनाच्या पुरातत्त्व विभागाच्या हवाली केला. दिवे, अडकित्ते, कुलपं, पानाचे डबे, पूजेची उपकरणी, स्वयंपाकाची भांडी. एका माणसानं आयुष्यभर गावोगाव फिरून जमवलेलं हे धन पाहताना छाती दडपते. त्यात वीस हजारांच्या घरात वस्तू आहेत आणि एका वेळी त्यांतल्या अडीच हजारांच्या आसपासच मांडलेल्या असतात. म्हणजे शहराकडे वस्तूंचा तुटवडा नाही. बालवाडीच्या खोल्यांत आणखी चार कपाटं लावून त्यांत शंभर तांबे-गडवे मांडले, तर पुण्याला काय नवं मिळालं? जी गोष्ट कोणत्याही कपाटात नाही आणि ठेवताही येत नाही, ती काम करणाऱ्याच्या हातात आहे. दायमाबादच्या कांस्यमूर्तींचंच पाहा. १९७४ मध्ये तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यात सापडलेला तो रथ, गेंडा, हत्ती आणि रेडा. चारही मिळून वजन साठ किलोच्या वर भरतं. मूर्ती आपल्याकडे आहेत, पण त्या ओतणाऱ्यानं साचा कसा केला, धातू किती वेळ तापवला, मदतीला कोण होतं, हे सांगणारा कुणी नाही. तिथे निदान हजारो वर्षं मध्ये गेली आहेत. तांबट आळीत सांगणारा आज समोर बसला आहे आणि आपण त्याच्या भांड्याचा फोटो काढून निघून जातो.

मठारकाम म्हणजे काय, हे पुण्यातल्या किती माणसांना सांगता येईल? तांब्याच्या भांड्यावर जे बारीक, चमकणारे, एकाला एक लागून असलेले ठोके दिसतात, ते शोभेसाठी असतात अशी बहुतेकांची समजूत असते. शोभा तर आहेच. पण पत्र्याचं भांडं घडवून, डाग देऊन जोडलं की तापवल्यामुळे तांबं मऊ पडलेलं असतं. तसंच सोडलं तर पाण्यानं भरलेली कळशी उचलताना दबेल. मग कारागीर ते भांडं लोखंडी आधारावर टेकवतो आणि तोंड घासून आरशासारखं केलेल्या हातोड्यानं ठोके देत जातो. एका हातानं ठोका, दुसऱ्या हातानं भांडं किंचित फिरवणं. ठोक्याला ठोका भिडायला हवा, ओळ ढळता कामा नये, जोर कमी-जास्त होता कामा नये. हजारो ठोक्यांनंतर पातळ पत्रा ताठ होतो, भांडं आकार धरून ठेवतं आणि अंगाला झळाळी येते. हे झालं त्याचं धातुशास्त्र. तांबं ठोकलं की कडक होतं, तापवलं की मऊ होतं. लाल होईपर्यंत तापवून पाण्यात बुडवलेलं पोलाद कडक होतं आणि तांबं मात्र तेच केलं तरी मऊच राहतं. शाळेत पुस्तकातून शिकताना हे डोक्यावरून जातं. तांब्याची जाड तार मुलाच्या हातात देऊन चार-पाच वेळा वाकवायला सांगा, ती त्याच्या बोटांना ऐकेनाशी होईल. ती तापवून गार करून पुन्हा द्या, ती पुन्हा ऐकेल. दहा मिनिटांचा हा धडा कुठलंही मूल विसरणार नाही, आणि तो शिकवायला तांबटाइतका योग्य शिक्षक नाही.

इथे मला त्या इमारतीच्या पहिल्या कामाची आठवण करून द्यायची आहे. महाराष्ट्रातली बालवाडी ही ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांच्या कष्टातून उभी राहिलेली गोष्ट आहे. गिजुभाई बधेकांच्या सोबतीनं ताराबाईंनी बालशिक्षणाचं काम सुरू केलं, १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघ स्थापन झाला. १९४५ मध्ये त्या बोर्डीला गेल्या, आणि पुढे काम कोसबाडच्या टेकडीवर वाढलं. माँटेसोरीची साधनं महाग होती आणि बोर्डी-कोसबाडच्या आदिवासी पाड्यांवर ती नेऊन उपयोग नव्हता. तेव्हा शंख-शिंपले, बिया, पानं, माती, जे आसपास मिळेल त्याची साधनं झाली. मुलं शाळेत येत नाहीत तर शाळा त्यांच्या अंगणात नेली, गुरांमागे जाणाऱ्या मुलांसाठी कुरणात नेली. १९७५ साली केंद्र सरकारनं एकात्मिक बालविकास योजना सुरू केली आणि अंगणवाडी देशभर गेली, त्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट. मूल हातानं शिकतं आणि आसपासच्या वस्तूंनी शिकतं, हे त्या दोघींनी आपल्या मातीत रुजवून दाखवलं. बालवाडीच्या इमारतीत ‘वस्तूंना हात लावू नये’ अशी पाटी लागणार असेल, तर त्या इमारतीचा उपयोग बदलण्यापेक्षा ती बंद राहिलेली बरी. इथे हात लावूनच पाहायचं. हंडा उचलून वजन घ्यायचं, कांशाचं ताट वाजवून त्याचा नाद ऐकायचा, तोच नाद पितळेच्या परातीतून का येत नाही ते विचारायचं. कांसं म्हणजे तांबं आणि कथील, पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. कानाला कळलेला हा फरक मुलं विसरणार नाहीत.

बालवाडीच्या इमारती असतातही या कामाला साजेशा. त्या तळमजल्यावर असतात, खिडक्या खाली असतात, पुढे थोडं अंगण असतं, पाण्याचे नळ लहान मुलांच्या उंचीचे असतात. व्हीलचेअरवरच्या माणसाला आणि गुडघे दुखणाऱ्या आजीला आत येता येतं. खोल्या लहान असल्यामुळे भव्य दालनाचा मोह आपोआप टळतो.

आंघोळीचं पाणी तापवायच्या बंबाला तिथे एक पूर्ण खोली द्यायला माझी तयारी आहे. घरी बंब पेटवलेल्या माणसांची पिढी अजून आहे, आणखी वीस वर्षांनी नसेल. मधोमध विस्तवाचा नळा, त्याभोवती पाणी, खाली राख पडायला जाळी, वर पाणी ओतायला तोंड, बाजूला तोटी. काटक्या, शेण्या, नारळाच्या करवंट्या, भुसा, काहीही जाळा. उष्णता चारी बाजूंनी पाण्याला मिळते, तांबं ती झटपट पोचवतं, आणि सकाळी पेटवलेल्या एका बंबावर घरातल्या सगळ्यांच्या आंघोळी होतात. हे यंत्र कुणा अभियंत्याच्या नावावर नाही. पिढ्यान्‌पिढ्या तांबटांनी ते सुधारत नेलं. एक बंब उभा कापून आतली रचना उघडी दाखवावी आणि शेजारी एक अखंड ठेवावा. ज्येष्ठ मंडळींना बोलावून त्यांच्याकडून बंबाच्या आठवणी ध्वनिमुद्रित कराव्यात. घासायचा कोण, चिंच कुठून यायची, पहिलं पाणी कुणाचं आणि सगळ्यात शेवटी आंघोळ कोण करायचं. हे शेवटचं उत्तर बहुतेक घरांत एकच येईल, आणि तेही नोंदवायला हवं. तांब्या-पितळेची चकाकी बायकांच्या मनगटांवर उभी होती. संग्रहालयात घडवणाऱ्या पुरुषाचं नाव लागेल आणि घासणाऱ्या बाईचं लागणार नाही, असं होऊ नये.

तसाच कल्हईवाला. आंबट पदार्थ तांब्या-पितळेला लागला की कळकतो, म्हणून आतून कथिलाचा मुलामा. जमिनीत खड्डा करून भाता लावायचा, भांडं तापवायचं, नवसागराची चिमूट टाकायची, पांढऱ्या धुराचा लोट उठतो, कथिलाची कांडी फिरवायची आणि कापसाच्या बोळ्यानं सर्रकन पसरवायचं. कथील २३२ अंशांना वितळतं, पण कल्हईवाल्याकडे तापमापक नसतो, तो भांड्याच्या रंगावरून आणि नवसागराच्या धुरावरून ठरवतो. आळीच्या बाहेर, सायकलीवर सामान बांधून दारोदार फिरलेल्या या माणसांना संग्रहालयात जागा नसेल, तर ते एका जातीचं स्मारक होईल. तांबट समाजाचा या जागेवर पहिला हक्क आहे आणि व्यवस्थापनात त्यांचे प्रतिनिधी बहुमतानं असावेत, असं मला वाटतं. पण धातूचं काम त्यांच्या एकट्याचं नव्हतं. विकणारे कासार होते, कल्हईवाले होते, ज्यांत कितीतरी मुसलमान होते, लोहार होते, मोड विकत घेणारे होते. भांडं ज्या ज्या हातांतून गेलं ते सगळे तिथे दिसले पाहिजेत.

संग्रहालयाचा आणखी एक उपयोग आहे आणि तो थेट कारागिराच्या पोटाशी जोडलेला आहे. आज बाजारात ‘हातानं ठोकलेलं’ म्हणून जे तांबं मिळतं त्यात यंत्रानं खळगे पाडलेला माल भरपूर असतो. पातळ पत्रा, एकसारखे छापल्यासारखे खळगे, आणि किंमत हातकामाच्या निम्म्याहूनही कमी. गिऱ्हाईक फसतं, कारण त्याला फरक कळत नाही. त्यात गिऱ्हाइकाचा दोष नाही, त्याला कुणी दाखवलेलंच नाही. दोन्ही भांडी शेजारी ठेवा. हातच्या मठाराच्या ओळीत अगदी बारीक जिवंत असमानता असते, एक ठोका दुसऱ्याच्या कडेवर किंचित चढलेला असतो, आणि बोटानं दाबलं तर पत्रा दबत नाही. यंत्राच्या भांड्यावर तीच नक्षी ठरावीक अंतरानं परत येते. अर्धा तास हे पाहिलेला माणूस तुळशीबागेत गेला की आपोआप चौकशी करेल. अनुदानानं कारागीर काही काळ तगतो, पण जाणत्या गिऱ्हाइकानं त्याला जगवलं तर तो मान वर करून जगतो. पंजाबातल्या जंडियाला गुरू इथल्या ठठेऱ्यांच्या भांडी घडवण्याच्या कलेला २०१४ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान मिळालं. अभिमानाची गोष्ट आहे. पण यादीत नाव लागल्यानं गिऱ्हाइकाची नजर तयार होत नाही, ती रोज कुणीतरी तयार करावी लागते.

जपानमध्ये त्सुबामे नावाचं शहर आहे. तिथे एका पत्र्यातून ठोकून तांब्याची किटली घडवण्याची परंपरा आहे, आपल्या मठारकामाची लांबची बहीणच म्हणा. ग्योकुसेन्दो हा तिथला कारखाना १८१६ पासून चालू आहे. त्या शहरानं १९७३ मध्ये आपल्या धातूउद्योगाचं संग्रहालय उघडलं, आणि तिथे पाहुण्याला तांब्याच्या पेल्यावर स्वतः हातोड्यानं ठोके उठवता येतात. देशाच्या पातळीवर १९७४ मध्ये पारंपरिक हस्तोद्योगांसाठी कायदा झाला, आणि त्याखाली त्सुबामेच्या या कामाला १९८१ मध्ये मान्यता मिळाली. जर्मनीत झोलिंगेन हे सुऱ्या-कात्र्यांचं गाव. तिथला हेंड्रिक्स यांचा घडाईचा कारखाना १८८६ ते १९८६ असा शंभर वर्षं चालून बंद पडला. पुढे तोच, यंत्रांसकट, संग्रहालय म्हणून उघडला गेला, आणि तिथे कात्र्यांची पाती आजही ठोकली जातात. तिथे जातं ते माणूस घामाचा आणि तेलाचा वास घेऊन परत येतं. या दोन्ही ठिकाणी पैसा आपल्यापेक्षा जास्त आहे हे मान्य. पण काम चालू ठेवून दाखवायचं हा निर्णय त्यांनी घेतला, आणि तो निर्णय पैशाशिवायही घेता येतो.

हरकती येतील आणि काही रास्त असतील. पहिली आवाजाची. घणाच्या ठोक्यांनी पिढ्यान्‌पिढ्या तांबटांचे कान गेले आहेत, हे आपण फार सहजपणे परंपरा म्हणून स्वीकारलं. सार्वजनिक इमारतीत काम होणार असेल तर कानाला संरक्षण, वर्षाला श्रवणतपासणी आणि कामाचे ठरलेले तास हे महापालिकेला बंधनकारक असावं. शेजाऱ्यांसाठी भिंतींना आवाज शोषणारं अस्तर लावता येतं. दुसरी हरकत धुराची: कोळशाऐवजी गॅसची किंवा विजेची भट्टी आणि वर धुरांडं. कोळशाची भट्टी ठरावीक दिवशी, दाखवण्यापुरती पेटवावी. तिसरी हरकत सगळ्यात गंभीर आहे आणि ती फारसं कुणी घेत नाही. भांडं साफ करायला तेजाब, म्हणजे आम्ल, वापरतात आणि त्याचं पाणी गटारात जातं, गटार मुठेत जातं. संग्रहालयात या पाण्याचं उदासीनीकरण करणारी लहानशी टाकी बसवली तर आळीतल्या इतर कारखान्यांसाठीही तो नमुना ठरेल. अग्निशमन दलाचा ना-हरकत दाखला तर लागेलच.

कागदाचं काम किचकट आहे. जागा विकास आराखड्यात शाळेसाठी दाखवलेली असेल तर संग्रहालयासाठी महाराष्ट्र प्रादेशिक आणि नगररचना (एमआरटीपी) कायद्याच्या कलम ३७ खाली फेरबदलाची प्रक्रिया करावी लागेल, हरकती-सूचना मागवाव्या लागतील. ती करावीच, मागच्या दारानं जाऊ नये. शाळेची जागा एकदा ‘सांस्कृतिक वापरा’साठी सैल केली की त्या फटीतून दुसरं कुणीतरी आत शिरतं, असं पालक म्हणतील तर त्यांची भीती खरी आहे. म्हणून मी तरी इमारतीतली किमान एक खोली बालवाडीसाठीच राखून ठेवण्याच्या बाजूचा आहे. शेजारच्या खोलीत ठोके पडत असताना तीन-चार वर्षांची मुलं गाणी म्हणतील, यात मला काही विसंगत दिसत नाही. पूर्वी कसब्यातली मुलं अशीच वाढली.

व्यवस्थापन कुणी करायचं? मुंबईत भाऊ दाजी लाड संग्रहालयासाठी २००३ मध्ये महापालिका, इंटॅक आणि जमनालाल बजाज प्रतिष्ठान यांच्यात त्रिपक्षीय करार झाला. मोडकळीला आलेली ती वास्तू सावरली, २००५ मध्ये तिच्या जतनाला युनेस्कोचा पुरस्कार मिळाला आणि २००८ मध्ये ती पुन्हा खुली झाली. एकट्या महापालिकेला हे जमलं नसतं आणि एकट्या प्रतिष्ठानाला जागा मिळाली नसती. कसब्यात त्या मापाची गरज नाही, पण तत्त्व घेता येईल: जागा महापालिकेची, जाणकारी संवर्धन करणाऱ्यांची, पैसा दात्याचा, आणि आपल्या बाबतीत चौथा भागीदार म्हणून निर्णयाचा अधिकार कारागिरांचा.

पैशाचा खरा प्रश्न इमारतीच्या दुरुस्तीचा नाही. दुरुस्तीला नगरसेवकाचा निधी मिळतो, फरशी बसते, कोनशिला लागते, फीत कापली जाते. नंतर वीजबिल, सफाईचा माणूस आणि पहारेकऱ्याचा पगार यांसाठी तरतूद नसते, म्हणून आधी वेळ कमी होते, मग फक्त रविवारी उघडतं, मग बंद. आपल्या शहरांतली किती दालनं अशी गेली! कारागिराच्या बाबतीत तर हे आणखी जाचक आहे. पाहुण्यांसमोर बसून काम करणं हे काम आहे, त्यात त्याचा वेग निम्म्यावर येतो, प्रश्नांची उत्तरं द्यावी लागतात. त्याचा मोबदला मानधन म्हणून वर्षाकाठी एक शाल आणि नारळ असा देऊन चालणार नाही. दोन अनुभवी कारागिरांना आणि दोन शिकाऊ मुलांना किंवा मुलींना महिन्याचं ठरलेलं वेतन मिळालं पाहिजे, आणि त्यांनी घडवलेल्या भांड्याच्या विक्रीतला वाटा वेगळा.

महापालिकेच्या अंदाजपत्रकात या कामासाठी दोन वेगळी लेखाशीर्षं असावीत. एक इमारतीच्या दुरुस्तीचं आणि दुसरं किमान दहा वर्षांच्या वेतनाचं, तपासणीचं आणि कच्च्या मालाचं. स्थायी समितीसमोर प्रस्ताव येईल तेव्हा दुसरं लेखाशीर्ष त्यात नसेल, तर सदस्यांनी पहिलंही मंजूर करू नये, आणि इमारत आहे तशी बालवाडीच्या नावावर राहू द्यावी.